निकाल लागला, बँड दुभंगला. बारा दिवसांवर शो आहे

प्रश्न: आमचा पाच जणांचा बँड आहे आणि मी त्याची व्यवस्थापक. निवडणुकीचा निकाल लागला त्या रात्री आमच्या गायिकेनं बँडच्या पानावर एक संतापलेली पोस्ट टाकली. ड्रमरनं नेमकं दुसऱ्या बाजूला मत दिलंय. 'माझ्या नावानं हे कुणी लिहिलं?' असं विचारून तो तालमीला येईनासा झालाय. बारा दिवसांवर साडेचारशे माणसांचा शो आहे, तिकिटं निकालाआधीच विकली गेली आहेत. काही जण पैसे परत मागताहेत, हॉलचा मालक धास्तावलाय. भरीत भर म्हणजे जिंकलेल्या पक्षानं विजयसभेत आमचं गाणं वाजवलं आणि त्याच्या क्लिपा फिरताहेत. गिटारवाला म्हणतो, मदतनिधीसाठी चार गाण्यांची रेकॉर्ड काढू. कीबोर्डवाला म्हणतो, दोन्ही बाजूंना बोलावून सलोख्याचा कार्यक्रम करू. मी कुठून सुरुवात करू?

उत्तर: नमस्कार. आधी ड्रमरला फोन करा आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, एवढंच सांगा. 'माझ्या नावानं हे कुणी लिहिलं?' हा राजकारणाचा नाही, सहीचा प्रश्न आहे. पोस्टमधलं मत त्याला पटत नाही, हे एक भांडण. ते कदाचित कधीच मिटणार नाही, आणि बँड चालवायला ते मिटावं लागतं असंही नाही. त्याला न विचारता त्याचं नाव वापरलं, हे दुसरं भांडण. ते याच आठवड्यात मिटवता येतं. बहुतेक बँड ही दोन्ही भांडणं एकत्रच लढतात आणि मग माणूस जातो.

पाचही जण आणि तुम्ही अशी दीड तासाची बैठक लावा. तालमीच्या दिवशी नको, वाद्यं लावलेल्या खोलीत तर नकोच. कुणी कुणाला मत दिलं हा विषय बैठकीत काढायचा नाही, हे आधीच कळवा. तीन गोष्टींची उत्तरं हवी आहेत: बँडच्या नावानं कधी आणि कुणी बोलायचं, कोणत्या बाबतीत एकाचा नकार पुरे, आणि कोणत्या बाबतीत ज्याला नको त्यानं बाजूला राहावं. आमचं मत विचाराल तर बँडच्या पानावरचं राजकीय निवेदन पाचांच्या होकाराशिवाय नाही. स्वतःच्या खात्यावर प्रत्येकानं वाट्टेल ते लिहावं, पण तिथे बँडचा लोगो आणि शोची जाहिरात त्याच पोस्टमध्ये नसावी. पक्षाचं व्यासपीठ, उमेदवाराचा कार्यक्रम, पक्षाला गाणं देणं, यात एकाचाही नकार आला की विषय संपला. मदतीचे कार्यक्रम बहुमतानं ठरवा, मात्र ज्याला नको त्याच्यावर येण्याची सक्ती नाही आणि त्याच्या वाट्याचे पैसे त्याचेच. हे सगळं एका पानात बसतं. त्यावर पाचांच्या सह्या घ्या.

'सक्ती नाही' हे कलम लोक मवाळ समजतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं. जानेवारी २०१७ मधल्या ट्रम्प यांच्या शपथविधीला रेडिओ सिटीचं रॉकेट्स नृत्यपथक जाणार असं जाहीर झालं आणि पथकातल्या काही नर्तिकांनी नाराजी दाखवली. अखेर सहभाग ऐच्छिक आहे असा खुलासा संस्थेला करावा लागला. हा खुलासा घोषणेबरोबर आला असता तर त्याची बातमी झाली नसती. नंतर आल्यामुळे आत मतभेद आहेत हे जगाला कळलं. त्याच सोहळ्यात गाणाऱ्या मॉर्मन टॅबरनॅकल कॉयरमधल्या एका गायिकेनं जाहीर राजीनामा दिला.

आता पोस्ट. ती काढू नका. आतापर्यंत तिचे स्क्रीनशॉट झालेच आहेत, काढलीत तर 'पोस्ट' आणि 'पोस्ट काढली' अशा दोन बातम्या होतील. गायिकेनं त्याच पोस्टखाली स्वतःच्या नावानं दोन-तीन ओळी लिहाव्यात आणि त्या वर पिन कराव्यात: 'हे शब्द माझे आहेत, बँडचे नाहीत. मी त्यांवर ठाम आहे, पण ते माझ्या खात्यावर असायला हवे होते.' माफी हवीच असेल तर ती जागेची, मताची नाही. 'आम्ही सर्वांच्या भावनांचा आदर करतो' या धाटणीचं वाक्य टाळा. रागावलेल्याला त्यात पळवाट दिसते आणि पाठीशी उभ्या असलेल्याला माघार.

अर्ध्या माफीचं काय होतं याचं जाणकारांत नेहमी निघणारं उदाहरण डिक्सी चिक्स (आता द चिक्स) या तिघींच्या अमेरिकन कंट्री-संगीत बँडचं. १० मार्च २००३ रोजी, इराकवरच्या हल्ल्याला जेमतेम दहा दिवस असताना, लंडनच्या मंचावर त्यांच्यातल्या गायिका नॅटली मेन्स राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याबद्दल टीकेचं एक वाक्य बोलल्या. चार दिवसांनी त्यांनी शब्दांतल्या अनादराबद्दल माफी मागितली. तरीही कंट्री संगीताच्या रेडिओ केंद्रांनी गाणी वाजवणं थांबवलं. २००६ मध्ये त्यांनी ती माफीही मागे घेतली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये त्या तिघींना पाच ग्रॅमी मिळाले. यातून 'बेधडक बोला, बक्षिसं मिळतात' असा अर्थ कुणी काढू नये. पुरस्कारांनी रेडिओचे दरवाजे पुन्हा उघडले नाहीत. आम्हाला यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बोलली एक, पण झळ तिघींनी सोसली, आणि बाकीच्या दोघी तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. तुमच्या गायिकेला तसं हवं असेल तर ते आधी विचारून मिळवावं लागतं.

पानाचा पासवर्ड यापुढे दोघांकडेच ठेवा, आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय काही टाकायचं नाही असं ठरवा. रात्री दहानंतर आणि शो संपल्यावर लगेच काहीच टाकायचं नाही. धमक्यांचे स्क्रीनशॉट दुवा आणि वेळ दिसेल असे जपून ठेवा, पोलिसांकडे जावं लागलं तर लागतात. शिव्या पानाच्या शब्द-गाळणीत (फिल्टरमध्ये) टाका, टीका राहू द्या. प्रत्येकाला उत्तर देत बसू नका.

शो रद्द करायचा का? आमच्या मते नाही. करारातल्या 'अपरिहार्य परिस्थिती'च्या कलमात पूर येतो, आग येते, सरकारी बंदी येते. लोकांचा बिघडलेला मूड येत नाही. तुम्ही रद्द केलात तर अ‍ॅडव्हान्स परत, शिवाय हॉलचा झालेला खर्च तुमच्या डोक्यावर. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना शोच्या पाच दिवस आधीपर्यंत कारण न विचारता द्या आणि ती तिकिटं पुन्हा विक्रीला काढा. कारण विचारलंत की वाद सुरू होतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. तिकीट विकणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क सहसा परत मिळत नाही, तेवढं त्या निरोपात स्पष्ट लिहा.

हॉलच्या मालकाला धीराचे शब्द नकोत, आकडे द्या. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत गर्दीच्या जागी २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-नियंत्रक धरलेला असतो. तो किमान आकडा आहे आणि शांत रात्रीचा आहे. तणावाच्या रात्री शंभरामागे एक धरा. म्हणजे तुमच्या साडेचारशेंना पाच: दोन दारात, मंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि एक साउंडच्या टेबलापाशी. टेबलापाशी यासाठी की तिथून सगळा हॉल दिसतो, आणि कुणी भडकलाच तर चढायला मंचानंतर सोपी जागा तीच. आणीबाणीचे दरवाजे उघडतात का ते शोच्या दिवशी दुपारी स्वतः ढकलून बघा. काठीचे फलक नकोत, झेंडे नकोत असं काही ठरवायचं असेल तर ते दोन्ही बाजूंना सारखंच, आणि तीन दिवस आधी तिकीटधारकांना कळवलेलं असावं. बिघडतं ते इथे: नियम दारात ऐन वेळी सुचतो आणि ज्याचा झेंडा आधी दिसतो त्याच्यावरच लागतो.

शो थांबवायचा शब्दही ठरवा. साउंड, लाइट, दरवाजा आणि बँड, सगळ्यांना तो माहीत हवा. तो आला की हॉलचे दिवे पूर्ण लागतात, स्पीकर बंद होतात, पण एक माइक चालू राहतो. हा माइक लोक विसरतात. सगळंच बंद केलं की अंधुक हॉलमध्ये साडेचारशे माणसं आपापल्या अंदाजानं दाराकडे निघतात.

मंचावर बोलायचं की नाही, हा गायिकेचा प्रश्न आहे. कसं बोलायचं हा कसबाचा. पहिल्या गाण्याआधी नको, तेव्हा लोक अजून जागा शोधत असतात. शेवटच्या गाण्याआधी नको, तेव्हा सगळी रात्र त्या भाषणापुरती उरते. सव्वा तासाच्या सेटमध्ये चौथ्या-पाचव्या गाण्याच्या सुमाराला बोलावं. मजकूर लिहून काढलेला, मोठ्यानं वाचून चाळीस सेकंदांत बसणारा. पक्षाचं किंवा नेत्याचं नाव नाही. भित्रेपणा म्हणून नव्हे. नाव आलं की हॉल त्या नावाला उत्तर देतो, तुमच्या म्हणण्याला नाही. कीबोर्डनं एक स्वर धरून ठेवावा, म्हणजे शांतता पोकळ वाटत नाही आणि मधेच ओरडायला जागा कमी मिळते. गिटार तेव्हा ट्यून करू नये. बोलताना मागे ट्यूनिंग चालू असलं की ते बोलणं वेळ भरण्यासारखं ऐकू येतं.

तरीही कुणीतरी ओरडणारच. इथेच नव्वद टक्के गोंधळ होतो (आकडा आमच्या चिडीचा आहे, मोजलेला नाही): गायिका त्याला उत्तर देते, तो पुन्हा ओरडतो, चाळीस सेकंदांची चार मिनिटं होतात आणि संध्याकाळ त्या माणसाची होते. उत्तर द्यायचंच नाही. शेवटचं वाक्य ठरलेलं असावं आणि ते संपताच ड्रमरनं काठ्यांवर चार मोजून गाणं सुरू करावं. कुणी मधे ओरडलं तर वाक्य संपायचीही वाट बघायची नाही, तिथेच चार. म्हणजे गायिकेचं बोलणं कधी थांबेल हे ज्याला ते बोलणं पटत नाही त्याच्या हातात. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दोघांना एकत्र मंचावर आणायचा याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही. ती बोलते हे तो मान्य करतो, तो थांबवेल हे ती. तालमीत हे तीनदा खरंच करून बघा, मधेच कुणालातरी ओरडायला लावून. लगेच नंतरचं गाणं सगळ्यांना पाठ असलेलं हवं, नवीन नव्हे.

मोठ्या नावांचं बघून आपली मापं ठरवू नका. पिंक फ्लॉइड बँडमधले रॉजर वॉटर्स यांनी ९ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्राझीलमधल्या साओ पाउलोत पडद्यावर तिथले अध्यक्षपदाचे उमेदवार बोल्सोनारो यांचं नाव नव-फॅसिस्टांच्या यादीत दाखवलं तेव्हा स्टेडियममध्ये निम्मे टाळ्या वाजवत होते, निम्मे हुर्यो करत होते. मंच आणि प्रेक्षक यांच्यात तिथे कुंपण होतं, सुरक्षेची फौज होती. तुमच्याकडे मंचाची दोन फुटांची उंची आहे.

आणि कायदा बघा. पुढची कुठलीही निवडणूक जवळ असेल तर तुमच्याकडे प्रचारबंदीचा काळ कधी सुरू होतो, शोमधलं बोलणं प्रचारात मोजलं जातं का, हे आधीच विचारून ठेवा. त्याच दौऱ्यात वॉटर्स २७ ऑक्टोबरला, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या मतदानाच्या आदल्या रात्री, कुरितिबात होते. रात्री दहानंतर प्रचार चालणार नाही अशी ताकीद मिळाली होती, म्हणून त्यांनी दहाला दोन मिनिटं कमी असताना आपला विरोध पडद्यावर आणला. ब्राझीलमध्ये प्रचारसभेत गाण्याचा कार्यक्रम ठेवायलाच २००६ पासून बंदी आहे. मार्च २०२२ मध्ये तिथल्या लोलापलूझा महोत्सवात गायक पाब्लो विटार यांनी माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांचं चित्र असलेला टॉवेल फडकवला. मग निवडणूक न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मंचावरच्या राजकीय प्रचारावर बंदी घालून पन्नास हजार रेयाल दंड ठरवला. तो आयोजकांना होता, कलाकारांना नव्हे. पुढच्या कलाकारांनी बंदी धुडकावली, तक्रार करणाऱ्या पक्षानं ती मागे घेतली आणि बंदीही गेली. पण त्या दोन दिवसांत आयोजकांची झोप उडाली असणार. तुमच्या हॉलच्या मालकाची भीती ही या जातीची आहे. त्याला हसू नका.

गाण्याचं प्रकरण आता. सगळ्यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: शब्द आणि चाल, म्हणजे रचना, एका मालकाची, रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, दुसऱ्याचं असू शकतं. मग वापर कुठला ते बघा. सभेत स्पीकरवर गाणं वाजवायला जाहीर वादनाचा परवाना लागतो आणि तो रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून हजारो गाण्यांसाठी एकगठ्ठा मिळतो. सभेवाल्यांनी तो घेतलेला असेल तर तुम्हाला विचारायची गरज त्यांना नव्हती. अमेरिकेत एएससीएपी आणि बीएमआय या अशा संस्था राजकीय प्रचारासाठी वेगळा परवाना देतात. त्यात रचनाकारानं हरकत घेतली तर ते गाणं वगळण्याची सोय आहे. रेकॉर्डिंगच्या मालकाला मात्र तिथे सभेतल्या वादनावर हक्क नाही; इतर अनेक देशांत असतो. म्हणून आधी तुमच्या संस्थेला लेखी विचारा: राजकीय वापरातून गाणं वगळता येतं का, आणि त्यासाठी सगळ्या सहरचनाकारांची सही लागते का. ड्रमरचं नाव त्या गाण्यावर असेल तर पुन्हा त्याच्याशी बोलणं आलं. ती बैठक आधी घ्यायला सांगितली ती यासाठीही.

क्लिपांचेही दोन प्रकार असतात. कुणा प्रेक्षकानं मोबाइलवर सभा टिपली आणि मागे तुमचं गाणं ऐकू येतंय, तर ती सोडून द्या. पक्षानं स्वतः व्हिडिओ जुळवून त्यावर गाणं लावलंय, तर तुमची बाजू भक्कम आहे. चित्राला गाणं जोडायला सिंक परवाना लागतो, रेकॉर्डिंगसाठी मास्टरच्या मालकाची वेगळी परवानगी लागते, आणि सभेचा एकगठ्ठा परवाना या दोन्हींच्या जागी चालत नाही. व्हिडिओ उतरवून घ्या. दुवा, तारीख, कोणाचं खातं, गाणं कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, हे लिहा. आधी प्रकाशक किंवा वकिलामार्फत पत्र, दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर ज्या समाजमाध्यमावर व्हिडिओ आहे त्याच्याकडे हटवण्याची नोटीस, आणि त्यानंतरच जाहीर बोलणं. उलट क्रमानं गेलात तर व्हिडिओ आणखी लाखभर लोक बघतात.

न्यायालयात जायचं असेल तर वेळेचा हिशेब करा. गायक एडी ग्रँट यांच्या गाण्याचे सुमारे चाळीस सेकंद ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२० मध्ये टाकलेल्या ५५ सेकंदांच्या व्हिडिओत होते. खटला लगेच दाखल झाला. ग्रँट यांच्या बाजूनं निकाल लागला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. न्यूझीलंडच्या नॅशनल पार्टीनं २०१४ च्या प्रचारात एमिनेमच्या गाण्याची नक्कल वाटावी असा तयार तुकडा विकत घेऊन वापरला. २०१७ मध्ये न्यायालयानं सहा लाख न्यूझीलंड डॉलर भरपाई ठरवली, अपिलात ती सव्वादोन लाखांवर आली. गायक जॅक्सन ब्राउन विरुद्ध अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन आणि गायक डेव्हिड बर्न विरुद्ध फ्लोरिडाचे राजकारणी चार्ली क्रिस्ट ही प्रकरणं तडजोडीनं, माफी घेऊन मिटली. ट्रम्प यांच्या सभांतल्या वादनाविरुद्ध गायक आयझॅक हेज यांच्या वारसांना सप्टेंबर २०२४ मध्ये अटलांटात अंतरिम मनाई मिळाली, पण इतरांनी आधीच टिपलेले व्हिडिओ उतरवायला लावावेत ही मागणी फेटाळली गेली. तेव्हा एका सभेत एकदा वाजलेल्या गाण्यासाठी न्यायालय गाठू नका. वगळण्याची नोंद करून ठेवा, पुढच्या प्रचारात कामाला येईल.

आणि आधी नीट ठरवा, तुम्हाला गाणं नक्की काढून घ्यायचंच आहे का. व्हिलेज पीपल या बँडचे गायक व्हिक्टर विलिस यांनी जून २०२० मध्ये ट्रम्प यांना बँडची गाणी वाजवणं थांबवा असं जाहीर सांगितलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी त्याच वापराला मोकळीक देण्याचं समर्थन केलं, गाण्याची कमाई वाढली हेही सांगितलं, आणि जानेवारी २०२५ च्या सोहळ्यांत बँड स्वतः गायला. हे बरोबर की चूक यावर तुमच्या पाचांत तासभर वाद होईल. होऊ द्या, पण जाहीर पत्र लिहिण्याआधी होऊ द्या, नंतर नको.

गिटारवाल्याची रेकॉर्ड. कल्पना चांगली आहे, घाई वाईट. निकालाच्या आठवड्यात लिहिलेली गाणी बहुधा शिळी बातमी होतात. नवीन लिहून डेमो करा आणि तीन महिने बाजूला ठेवा. आत्ता विकायला जुन्या गाण्यांची लाइव्ह किंवा साधी ध्वनिमुद्रणं काढा. हिशेब असा: बँडकॅम्प या संगीत विकण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के त्यांचे, वर पैसे हस्तांतराचे काही टक्के. शंभरातले ऐंशीच्या आसपास उरतात, त्यातून मास्टरिंग आणि मुखपृष्ठ. म्हणून 'सर्व रक्कम देणार' असं लिहू नका. 'खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम' लिहा आणि खर्च काय ते सांगा. घेणारी संस्था एकच, विक्रीची शेवटची तारीख ठरलेली, आणि पैसे पोचल्याची पावती पानावर. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी बँडकॅम्पनं एका दिवसाचा आपला वाटा एसीएलयू या अमेरिकन नागरी हक्क संस्थेला दिला तेव्हा त्या एका दिवसात दहा लाख डॉलरच्या वर संगीत विकलं गेलं. तारीख एकच, घेणारा एकच, मागणी सोपी. त्यामुळे ते जमलं. त्याच वर्षी शपथविधीपासून शंभर दिवस रोज एक गाणं देणारा एक संग्रहही निघाला होता, पण त्यामागे रेकॉर्ड कंपन्यांची माणसं होती. तुम्हाला तो पल्ला झेपायचा नाही.

पैसे पक्षाला किंवा उमेदवाराला देऊ नका. ती देणगी ठरते, मर्यादा आणि नोंदी लागू होतात, आणि बँडमध्ये कुणी दुसऱ्या देशाचं नागरिक असेल तर अनेक ठिकाणी ती बेकायदा ठरते. कायदेशीर मदत, मतदार नोंदणी, हिंसेत होरपळलेल्यांचं पुनर्वसन, असं काही निवडलंत तर ड्रमरही हो म्हणू शकेल. त्याचा रचनेत वाटा असलेलं गाणं घेणार असाल तर त्याची लेखी संमती हवीच.

खरं तर शोच्या रात्री दारापाशी मतदार नोंदणीचं एक टेबल लावणं हे रेकॉर्डपेक्षा सोपं आणि दिसेल असं काम आहे. संगीतकारांच्या हातून काय होतं आणि काय होत नाही याचा पुरावा बराच आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये स्प्रिंगस्टीन, आरईएम, पर्ल जॅम यांनी बुश यांच्या विरोधात अटीतटीच्या राज्यांत दौरा केला, बुश जिंकले. ब्रिटनमध्ये रेड वेज या संगीतकारांच्या गटानं मजूर पक्षासाठी गाणी गायली. १९८७ ला थॅचर पुन्हा आल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये टेलर स्विफ्ट यांनी टेनेसीतल्या सिनेटच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. एका दिवसात नोंदणीच्या संकेतस्थळावर देशभरातून हजारोंनी नावं नोंदवली गेली, उमेदवार मात्र पडला. सेनेगलमध्ये रॅपर आणि पत्रकारांनी २०११ मध्ये उभ्या केलेल्या 'यँ आ मार' या चळवळीनं नोंदणीवरच भर दिला होता. गाण्यानं मत फिरवणं अवघड. गाणं ऐकायला आलेल्या माणसाकडून अर्ज भरून घेणं शक्य. टेबल बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवा. आत येताना लोक घाईत असतात. दोन माणसं, वीस पेनं, टेबलावर कुठल्याही पक्षाचा कागद नाही. अर्ज भरून घ्यायला स्वयंसेवकाची नोंदणी लागते का, ते तुमच्याकडच्या निवडणूक कार्यालयात आधी विचारा.

कीबोर्डवाल्याला सलोख्याच्या कार्यक्रमाबद्दल नाही म्हणा, गोडीत. त्याच्या मनात बहुधा २२ एप्रिल १९७८ चं जमैकातल्या किंग्स्टनमधलं ते छायाचित्र असेल: गायक बॉब मार्ली, आणि त्यांनी एकत्र धरलेले मॅन्ली आणि सिआगा या प्रतिस्पर्धी पक्षनेत्यांचे हात. पुढचं कुणी सांगत नाही. तो कार्यक्रम ज्या दोन टोळीप्रमुखांनी घडवून आणला ते दोघेही दोन-अडीच वर्षांत मारले गेले आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी जमैकात शेकडो माणसं मेली. १९७६ ची गोष्ट तुमच्या जास्त जवळची आहे. मार्ली यांनी पक्षापलीकडचा म्हणून मोफत कार्यक्रम ठरवला, मग सरकारनं निवडणूक त्याच्या लगेच नंतर, १५ डिसेंबरला लावली आणि तो सरकारच्या बाजूचा वाटू लागला. ३ डिसेंबरला त्यांच्या घरात गोळीबार झाला. ५ तारखेला ते तरीही गायले. दोन्ही बाजूंच्या नेत्यांना मंचावर बोलावलंत की कार्यक्रमाचा अर्थ तुमच्या हातात राहत नाही; तो त्यांची वेळ, त्यांची रांग, त्यांचे छायाचित्रकार ठरवतात. दोन्ही बाजूंचे श्रोते एका हॉलमध्ये हवे असतील तर ते बारा दिवसांनी तसेही येणार आहेत.

ड्रमर बैठकीनंतरही नाही म्हणाला तर त्याला दोष न देता मोकळं करा. बदली ड्रमरशी आजच बोलून ठेवा, सेटमधली बारा गाणी आणि त्यांच्या टेम्पोची यादी पाठवा. त्याला सराव करायला निदान सहा दिवस हवेत, म्हणजे ड्रमरच्या उत्तरासाठी तुमच्याकडे पाच-सहा दिवसच आहेत, हे त्यालाही सांगा. जुन्या गाण्यांची त्याची रॉयल्टी चालूच राहील हे लिहून द्या. 'दुसऱ्या कामांमुळे' असलं कारण पानावर टाकू नका. 'या शोला तो नाही, अमुक वाजवणार आहे' एवढं पुरे. मतामुळे कुणाला काढून टाकायचा विचार कुणाच्या मनात आला तर आधी वकिलाला विचारा, काही ठिकाणी तो भेदभाव ठरतो.

यापुढच्या करारांत दोन कलमं घालून घ्या. एक, हॉल शोच्या तारखेला किंवा त्याच्या आदल्या दिवशी पक्षाच्या कार्यक्रमाला दिला तर ते तुम्हाला पंधरा दिवस आधी कळवायचं आणि तुम्हाला नुकसानीशिवाय तारीख बदलता यायला हवी. दोन, शोचं चित्रीकरण, बँडचं नाव किंवा छायाचित्र कुठल्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या प्रसिद्धीत लेखी परवानगीशिवाय वापरायचं नाही. हॉलवाले दुसऱ्यावर पटकन सही करतात. पहिल्यावर घासाघीस होईल, दहा दिवसांवर तयार झाले तर मान्य करा.